खानदानी रक्त

आमच्या सासऱ्यांचा ठाम समज आहे, आजार लोकांना होतात, त्यांच्या घराण्याला नाही. माझ्या लेकीचा डावा डोळा पार नाकाकडे वळलेला, तरी म्हणायचे, "पोरीची नजर चौफेर आहे."

डोळ्याचा स्नायू सोडवून मागे शिवायचं ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही, असं काही?" लेकीचा घोळणा फुटतो, हे सांगायला मी तोंड उघडलं, तोच सासरे म्हणाले, "ती उष्णता. आमच्या सात पिढ्यांत कुणाला काही नाही." सात पिढ्यांचे रिपोर्ट जणू खिशातच होते. नवऱ्याने मान डोलावली. देवाने त्याला ती त्यासाठीच दिली आहे.

ऑपरेशनच्या दिवशी बाकावर सगळा गोतावळा. नणंदेची होणारी सासूही सफरचंदं घेऊन हजर. लग्न महामुश्किलीने जमलेलं, त्यामुळे सासूबाई विहिणीला वारा घालायच्याच तेवढ्या बाकी होत्या.

इतक्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "स्नायू सोडवलाय, पण रक्त थांबत नाही. सर्जन दाबून धरून आहेत. टाका कुठे घालायचा तेच दिसत नाही, आणि स्नायू निसटला तर डोळा वळायचाच नाही. खरं सांगा, घरात कुणाला हा त्रास आहे?"

सासरे विहिणीकडे बघून छत न्याहाळू लागले. सासूबाई सफरचंद पुसायला लागल्या. यांना काहीतरी ठाऊक आहे, हे मला तेव्हा कळलं. पोरीचा डोळा गेला तरी चालेल, सोयरीक टिकली पाहिजे. मी हात जोडले. "बोला ना कुणीतरी."

नणंद उठली. एरवी माझ्या प्रत्येक भाजीला नावं ठेवणारी बाई.

"मला आहे," ती म्हणाली. "दाढ काढली तेव्हा रक्त थांबता थांबेना. बाबांचंही तसंच." तिने आजाराचं नावही सांगितलं, तशा डॉक्टरीणबाई इंजेक्शन द्यायला आत पळाल्या.

होणारी सासू पिशवी उचलून उठली. "तब्येतीला जपा हं," म्हणाली आणि सफरचंदांसकट गेली.

रक्त थांबलं, टाका बसला, डोळा वाचला. सासरे म्हणाले, "शेवटी आमचंच घराणं कामी आलं."

नणंद भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी तिला पोटाशी धरलं. स्वतःचं लग्न तिने माझ्या लेकीच्या डोळ्यावरून ओवाळून टाकलं होतं.