शुभांगीची हार्डटेल

नागपूरच्या सायकल क्लबच्या शेडमध्ये दोन सायकली भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. त्यातली एक शुभांगीनं निवडायची, उरलेली तिच्याच गटातल्या तृप्तीला मिळणार. राज्याच्या संघाची निवड महिन्यावर आली होती आणि मुलींच्या गटातून एकीलाच जायचं होतं.

शुभांगी आसगावच्या सोमाजींची धाकटी. तलावाच्या मातीच्या पारीवरून, धानाच्या शेतांमधल्या अरुंद धुऱ्यांवरून शाळेची जुनी सायकल पळवता पळवता ती डोंगरी सायकलींच्या शर्यतीपर्यंत पोहोचली. आधी गाव हसलं. मग पेपरात फोटो आला, तसे तेच लोक ‘आमची पोट्टी’ म्हणू लागले. पण गेल्या पावसाळ्यापासून तिची कंबर धरत होती. कळ डाव्या मांडीतून थेट पोटरीत उतरायची, आणि सकाळी मोजे चढवायलाही आईला, उषाबाईला, हाक मारावी लागायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मणक्यातली चकती सरकली आहे, वर्षभर सायकल बंद. ऐकणारच नसशील तर निदान दणके टाळ.

डॉक्टरांचं हे बोलणं घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रशिक्षक अश्विन सरांनी पहिल्या सायकलीच्या सीटवर हात दाबला. मागचा शॉकअप दबला आणि वर उसळला. “ही फुल सस्पेन्शन. पुढं शॉकअप, मागं बी शॉकअप. दगडावरून गेली तरी कमरेले कमी लागते. पण जड आहे, अन् चढावर जोर लावला का अर्धा जोर हा मागचाच खाऊन टाकते.” मग त्यांनी दुसरी एका हातानं उचलली. “ही हार्डटेल. शॉकअप फक्त पुढं. मागचा दणका सरळ पाठीत. पण हलकी आहे. चढावर मागच्या पोरींले तुही पाठच दिसन.”

शुभांगीनं मनातल्या मनात निवडीच्या शर्यतीची वाट चालून पाहिली. दोन मोठे चढ. उताराला तृप्ती तिच्या तोडीची होती, चढाला नव्हती. जिंकायचं ते चढावरच.

“तुही कंबर दुखत होती ना? डॉक्टर काय म्हणे?” सरांनी विचारलं.

“काई नाई सर. थकवा म्हणे.”

शेजारी सोमाजी उभे होते. तिला न्यायला-आणायला ते नेहमी सोबत येत. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा सरांकडे, आणि खाली मान घातली.

“मंग हार्डटेल घेते,” शुभांगी म्हणाली.

परतीच्या एसटीत, गावाकडची पवनी जवळ आली तेव्हा सोमाजी तिच्याकडे वळले. म्हणाले, “काहून खोटं बोलली तू?”

“खरं सांगतलं असतं तर मले शर्यतीतच कोणी उतरू देल्लं नसतं.”

“मी बोलाले पायजे होतं.”

“तुमी बोलले असते ना बाबा, तर मी तुमच्यासंग बोलनं सोडून देल्लं असतं.”



निवडीच्या दिवशी पहिल्या चढावरच तिनं सगळ्यांना मागे टाकलं. सायकल खरोखर तिच्या पायांचं ऐकत होती. दुसऱ्या फेरीच्या उतारावर मात्र झाडांची मुळं आणि सुटे दगड होते, आणि प्रत्येक दणक्याला कमरेत सुरी फिरल्यासारखं होत होतं. तिनं दात आवळले. एका मोठ्या खड्ड्यात मागचं चाक आपटलं आणि कळ एकदम थांबली. तिला वाटलं, बरं झालं.

ती पहिली आली. लोक टाळ्या वाजवत होते आणि तिला सायकलवरून उतरता येत नव्हतं. डावा पाय आपला नव्हताच जणू. दोघांनी धरून तिला खाली घेतलं, तेव्हा तृप्तीनं घाईघाईनं स्वतःचं जॅकेट तिच्या कमरेभोवती गुंडाळलं. शुभांगीला का ते कळेना. मग तिला दिसलं, तिचे कपडे ओले झाले होते, आणि तिला ते समजलंही नव्हतं.

सरकलेल्या चकतीनं नसा दाबल्या होत्या; त्याच दिवशी ऑपरेशन झालं. लघवीची जाणीव हळूहळू, अर्धीमुर्धी परत आली. डाव्या पावलातला जोर नाही आला. चालताना पाऊल खाली लोंबायचं, म्हणून पट्टा बांधावा लागे. संघात तिच्या जागी तृप्ती गेली.

शेडमधली हकीकत कळली तशी उषाबाई नवऱ्यावर उसळली. “तुमी तेथंच उभे होते ना जी? मूग गिळून बसले होते काय?” त्यानंतर कितीतरी दिवस ती त्यांचं ताट वाढायची आणि न बोलता उठून जायची. सोमाजींनी चौकात बसणं सोडलं.

धानाची कापणी आटोपली तेव्हा तृप्ती भेटायला आली. इकडचं तिकडचं झालं. मग ती चाचरत म्हणाली, “ताई, क्लब मले नवी सायकल देऊन राहिला. कोणती घेऊ? सर म्हणे, ताईलेच विचार.”

मांडी घालून बसलेल्या तृप्तीची ताठ पाठ शुभांगी पाहत राहिली. पोरगी चढाला कच्ची, तिला हलकी सायकलच हवी, हे खरं होतं. आणि तो दणका एकदा दुसऱ्या कुणालातरी बसावा असं आत कुठेतरी वाटत होतं, तेही खरंच होतं. आपण कोणत्या मनानं बोलतो आहोत हे तिचं तिलाच उमजेना.

“हार्डटेल घे,” ती म्हणाली.

दारात बसलेले सोमाजी वळले. “पोरी, पयले डॉक्टरले पाठ दाखव. अन् तो जे म्हनन, ते सरांले खरं सांग. कोनी रुसो का फुगो.”

तृप्ती ओशाळून हो म्हणाली आणि थोड्या वेळानं निघून गेली.

“बाबा,” शुभांगी म्हणाली, “हे तवा काहून नाई बोलले?”

“तू बोलनं सोडून देशीन म्हून भेव लागलं, माय.”

“सोडलंच असतं,” ती म्हणाली. “महिनाभर. जास्तीत जास्त.”

सोमाजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. उषाबाईनं आतून जेवायला हाक मारली, पण दोघांपैकी कोणीच उठलं नाही.