उंबऱ्यावरची बादली

"टाचा राह्यल्या, खतीजा. परत धू," खाटेवरून छबुबाईंनी आवाज दिला.

"मावशी, घासून घासून सालटं निघायची पाळी आली," दाराबाहेर बादलीशी वाकलेली शेजारची खतीजा म्हणाली. "निकाहच्या टायमालाबी इतके पाय धुतले नव्हते मी."

छबुबाई हसल्या. सिरसाळ्याच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीवर आया म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती. त्या खोलीच्या दारात बादली, साबण आणि कडुलिंबाची डहाळी असे. पाय धुतल्याशिवाय त्यांनी सरपंचालाही आत सोडलं नव्हतं. खतीजाची मेहेक त्यांच्याच हातावर जन्मली. आता कॅन्सरच्या औषधांनी त्यांचं रक्त दुबळं झालं होतं. कुणाची साधी सर्दीही झेपायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तीच बादली त्यांनी आपल्या दारात आणून ठेवली.

डबा ठेवून खतीजा गेली. कोपऱ्यातल्या टेबलाशी रविवारी माहेरी आलेली त्यांची लेक धनश्री लिहीत होती. बंगळूरला ती अवकाशयानांचे सुटे भाग तपासायची. पृथ्वीवरचा एखादा जंतू त्यांना चिकटून दुसऱ्या ग्रहावर जाऊ नये, एवढं पाहणं हीच तिची नोकरी. शनिवारी परळीच्या कॉलेजात तिचं भाषण होतं.

"काय लिव्हलंस धनू? वाच की."

"माणसानं मंगळावर जावं, असं लिहिलंय."

"मंग जावं की. कावून जाऊ नये?"

"तिथं जमिनीखाली जिवंत जंतू असतील कदाचित. यंत्र तापवून, पुसून पाठवता येतं. माणसाला कसं तापवणार?"

"अवजारं आमीबी उकळायचो. डॉक्टर उकळता येत न्हाई," छबुबाई म्हणाल्या.

धनश्रीला हसू आलं. "तसंच. माणसाच्या तोंडात, पोटात कोट्यवधी जंतू असतात. तो उतरला की तेही उतरणार."

"अन् तिथल्यांचं काय व्हईल?"

"मरतीलही. कुणालाच माहीत नाही. पण माय, जे आहेत की नाहीत याचाच पत्ता नाही, त्यांच्यासाठी किती दिवस थांबायचं? आणि असले तरी शेवटी जंतूच ते."

"पोटातल्याचा तरी कुठं पत्ता असतो, पोरगा हाय का पोरगी, जगतंय का जातंय? तरी आमी आधी हात धुतोच." मग छबुबाई म्हणाल्या, "त्यांच्या दारात बादली ठिवायला कोन हाय तिथं? जानाऱ्यानंच समजून घ्यावं."

धनश्रीने ते वाक्य कागदाच्या कडेला लिहून ठेवलं. तेवढ्यात आलेला खोकला तिने ओढणीत दाबला.

"परळीच्या वीज कारखान्याची राख हाय ती," छबुबाई म्हणाल्या. "रेल्वेतून उतरलीस तवाधरनं घशात बसलीया तुज्या."

"हो," धनश्री म्हणाली.

तो मंगळवार होता. संध्याकाळी छबुबाईंनी दुधात भाकर कुस्करून खाल्ली, आणि भाकरीत मीठ जरा कमीच होतं म्हणाल्या. बुधवारी सकाळी त्यांचं अंग तापलं. दुपारी दम लागला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "घरात कुणी आजारी होतं का?" धनश्रीने नकारार्थी मान हलवली. शुक्रवारी माय गेली.

तिला रडू आलं नाही. दवाखान्याच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. ती चित्रं ती वाचत उभी राहिली. शेवटच्या चित्रापर्यंत पोचली की पुन्हा पहिल्यापासून. कुणीतरी खांद्याला धरून तिला गाडीत बसवलं.

त्यानंतर डोळे मिटले की तिला रविवारच दिसे. रिक्षातून ती उतरली, तर काठी टेकत माय उंबऱ्यावर आलेली. मायने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. धनश्री बादलीकडे वाकली, तेव्हा माय म्हणाली, "माहेरी आलेल्या लेकीला कसली गं बादली!" आणि तिला जवळ ओढून, गालांवरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. तापाची दुसरी गोळी धनश्रीने रेल्वेतच घेतली होती. सांगितलं असतं, तर मायने तिला चार दिवस खतीजाकडे ठेवलं असतं. चारच दिवस. पण सहा महिन्यांनी मायचा हात अंगावरून फिरत होता.

दहाव्या दिवशी खतीजा चहा घेऊन आली. खाट उभी करून भिंतीला लावली होती. टेबलावर भाषणाचा कागद तसाच होता. बादली कोरडी पडली होती. खतीजाने नळावरून ती भरून आणली, आणि खाली बसून टाचा धुवायला लागली.

"आता कुणासाठी धुतेस?" धनश्रीने आतून विचारलं.

"हात-पाय आपसूक जातेत बाई तिकडं." खतीजाने साबण जागेवर ठेवला. "त्या राखंनं खाल्लं मावशीला. तुझ्याबी घशात गेलती ना? बरं वाटतंय का आता?"

धनश्री उठून दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आतच थांबली.

"राख नव्हती ती, खतीजा," ती म्हणाली. "मला ताप होता. बंगळूरहून निघायच्या आधीपासून. मला माहीत होतं."