रडूबाईचं तोंड बंद

हॉस्पिटलच्या नेटवर्कवालीला तळमजल्यावरच्या त्या एका स्विचचा, म्हणजे आसपासची यंत्रं नेटवर्कला जोडणाऱ्या डब्याचा, अगदी वीट आला होता. इमारतीतली सगळी यंत्रं एसएनएमपी नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे एकाच ठरलेल्या बोलीत, तिच्या संगणकाशी बोलत. संगणक दर पाच मिनिटांनी प्रत्येकाची विचारपूस करी, आणि मध्येच कोणाचं काही दुखलंखुपलं तर ते यंत्र आपणहून हाक मारी. बाकीची गुणी होती. हा स्विच मात्र ऊठसूट पंखा बंद पडल्याची बोंब ठोकायचा. ती जिने उतरून धापा टाकत जायची, तर पंखा मजेत फिरत असायचा. तिने त्याचं नावच रडूबाई ठेवलं.

त्या सकाळी नवे संगणक बसवायची घाई होती. तेवढ्यात रडूबाईने पुन्हा गळा काढला. वैतागून तिने त्याला 'दुरुस्तीत' अशी खूण केली. अशा यंत्राची आणि त्यावर जोडलेल्या सगळ्यांची विचारपूस थांबते, त्यांची हाक कानावर येत नाही, पडद्यावर मात्र शेवटचे आकडे तसेच हिरवेगार राहतात. हे तिला पक्कं ठाऊक होतं. थोड्या वेळाने खूण काढू म्हणाली आणि कामाच्या रगाड्यात साफ विसरली.

दुपारी रक्तपेढीतल्या तंत्रज्ञाचा फोन आला.

"मॅडम, पडद्यावर सगळे फ्रीज सकाळपासून चार डिग्रीच दाखवतायत. जरासुद्धा हलत नाहीत."

तिला सकाळची खूण आठवली. ते फ्रीज रडूबाईवरच जोडलेले होते.

ती धावत खाली गेली. स्विच तापून बंद पडला होता. पंख्याला बोट लावलं, तर तो जरासा फिरून अडकला. म्हणजे तो खरंच अधूनमधून अडकत होता, आणि ती पोचेपर्यंत सुटत होता. तिला स्वतःचीच चीड आली. तिने दुसरा स्विच जोडला आणि 'दुरुस्तीत'ची खूण काढली. रक्तपेढीतल्या पडद्यावर आकडे हलायला लागले. चार, चार पूर्णांक एक.

रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आत्ताचं कळलं गं. मघाशी दोनदा वीज गेली होती, तेव्हाचं दाखव."

"ते नाही, बाई. फ्रीजमधले सेन्सर स्वतःजवळ काही ठेवत नाहीत. विचारलं तर तेवढ्यापुरतं सांगतात. आणि विचारणं मीच बंद केलं होतं."

"उद्याची ऑपरेशनं याच रक्तावर आहेत."

"फ्रीज चांगले आहेत, बाई. रक्त चांगलंच असेल."

"असेल गं. पण नुसत्या 'असेल'वर मी ते कोणाला चढवणार नाही." बाई चिडल्या नव्हत्या, त्याचंच तिला जास्त लागलं. "ऑपरेशनं पुढे ढकलायला सांगते. तुम्ही दोघं फ्रीज रिकामे करा."

तंत्रज्ञाने टाकाऊ रक्ताचे डबे आणले. ती एकेक पिशवी काढून त्याच्या हातात देत गेली. प्रत्येक पिशवी चांगली गार लागत होती.