सात नंबरचं हृदय

तुलना-तक्ता
यंत्र | काय ऐकू आलं | शेरा

शेऱ्याच्या रकान्यात जेमतेम एक ओळ मावते. मला पुरणार नाही, म्हणून मागची कोरी बाजूही वापरते आहे. स्टोअरकीपरसाहेबांनी रागावू नये.

कशासाठी

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात मुलं हृदयाचे आवाज आधी कॉम्प्युटरवर ऐकतात, मग माणसाच्या छातीवर. एकूण बारा रेकॉर्डिंगं आहेत. निरोगी हृदय लब-डब करतं. काही आजारी हृदयांत डबनंतर आणखी एक ठोका येतो, अगदी खालच्या स्वरातला, दाबलेला, शेजारच्या घरात कुणी गादी टाकावी तसा. तो तिसरा ठोका. सात आणि दहा नंबरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आहे.

त्या खोलीतली यंत्रं गेली चौदा वर्षं मी सांभाळते. यंदा नवे स्पीकर आणि साउंड कार्ड घ्यायचं ठरलं आणि तुलना करायचं काम माझ्याकडे आलं. येणारच होतं. कोणता पंखा कुठल्या खोलीत कुरकुरतो हे मी जिन्यातून सांगते.

हे झालं कार्यालयीन कारण.

दुसरं कारण

माझ्या ताईची मुलगी इथेच दुसऱ्या वर्षाला आहे. घरात तिला मुंगी म्हणतात. हृदयाच्या आवाजांच्या तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली. तिसरी आणि शेवटची संधी शुक्रवारी. तीही गेली तर अख्खं वर्ष पुन्हा.

ताईने मुंगीचे कान तपासून घेतले. ठणठणीत निघाले. मग ताई म्हणाली, लक्ष नसेल कार्टीचं. मी मुंगीला खोलीत बसवून सरळ विचारलं.

"मावशी, तिसरा ठोका मला ऐकूच येत नाही. आणि तो चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही नापास."

"बाकीच्यांना येतो?"

"बाकीच्यांना पाठ आहे. 'सात आणि दहा, तिसरा पाहा.' वरच्या वर्गाची मुलं पहिल्याच दिवशी शिकवतात. स्क्रीनवर नंबर दिसतो की."

"मग तूही म्हण."

"ऐकू आलं नाही तर आलं कसं म्हणू? उद्या पेशंटच्या छातीवर नंबर लिहिलेला असणार आहे का?"

आमच्या घराण्यातला हट्ट आहे तो. ताईकडून आलाय. माझ्याकडूनही थोडा.

पद्धत

कुठल्याही दुकानात जा, दोन स्पीकरांतला जो जरा मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो. माणसांचंही तेच, चढ्या आवाजात बोलणाऱ्याचं खरं वाटतं. म्हणून आवाजमापक खुर्चीवर ठेवून, आपला कान जिथे असतो त्या उंचीवर, सगळ्या जोड्या एकाच पातळीवर आणल्या. पंखे बंद केले, खिडकी लावून घेतली.

आधी हृदय नाही, नुसता एक सूर लावला, वरच्या पट्टीतून हळूहळू खाली उतरणारा. कोण किती खोल जातो ते बघायला.

यंत्र १: सध्याचे स्पीकर, मुठीएवढे, प्लास्टिकचे

सूर उतरत उतरत माझ्या नवऱ्याच्या बोलण्याच्या पट्टीपर्यंत आला, त्याच्या थोडा खाली गेला आणि संपला. पायऱ्या उतरताना शेवटची पायरीच नसावी तसा. स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवलं, नुसता थरथरत होता. हवा हलवायला त्याच्या अंगात जीवच नाही.

तिसरा ठोका त्या संपलेल्या पायऱ्यांच्याही खाली राहतो.

म्हणजे या खोलीत गेली चौदा वर्षं तो कधी वाजलेलाच नाही.
(हे वाक्य लिहून मी चहाला गेले. परत येऊन पुन्हा वाचलं. बरोबर आहे.)

यंत्र २: स्टोअरकीपरसाहेबांच्या पसंतीचे, काळे चकचकीत, निळा दिवा

खाली जातात, पण धिंगाणा घालत जातात. लबचा ढोल, डबचा ढोल, आणि त्या ढोलाची घुमघुम संपायच्या आत तिसरा येऊन जातो. लग्नाच्या पंगतीत कुणी कानात गुपित सांगावं तसं. साहेबांना ऐकवलं. त्यांना फार आवडलं. म्हणाले, काय दणदणीत हृदय आहे. मी म्हटलं, साहेब, हृदय आजारी आहे.

यंत्र ३: लाकडी पेट्या, तळहाताएवढा पडदा, दिसायला शाळेच्या बाकासारख्या

लब. डब. आणि मग तो.

मुंगी खुर्चीत पुढे सरकली. हात वर करून मला थांबवलं, परत लावायला सांगितलं, आणि चौथ्या वेळी टेबलावर बोटाने तिन्ही ठोके धरले.

साउंड कार्ड

आता कार्डाचं. वरचं सगळं कॉम्प्युटरच्या पोटातल्या कार्डावर नव्हे, बाहेरून जोडायच्या वेगळ्या कार्डावर ऐकलेलं आहे. पोटातलं लावलं तेव्हा पहिल्या दोन जोड्यांत काडीचा फरक पडला नाही. लाकडी पेट्या मात्र चहाडखोर निघाल्या. माऊस हलवला की चुर्र, आणि मागे अखंड गुणगुण, नेमकी तिसऱ्या ठोक्याच्या शेजारची. ठोका गुणगुणीत बुडाला.

म्हणून कुणी म्हणालं की आधी भारी कार्ड घ्या, स्पीकर नंतर बघू, तर त्याला खुशाल वेड्यात काढा. मुठीएवढ्या स्पीकरला भारी कार्ड म्हणजे मुक्याला माईक. आधी स्पीकर. मग कार्ड. पण मग कार्ड हवंच.

इथे तक्ता संपायला हवा होता

पण शुक्रवारी परीक्षा जुन्याच स्पीकरवर होणार होती, म्हणून बुधवारी सकाळी मी परीक्षक सरांना खोलीत बोलावलं. वीस वर्षं हा विषय शिकवतात. हजारो खऱ्या छात्यांना कान लावलेला माणूस, त्यांच्याबद्दल मी वावगं बोलणार नाही. मुंगी कोपऱ्यात होती. ती माझी भाची आहे हे मी दारातच सांगून टाकलं, मागाहून कुणी काढायला नको.

मुठीएवढ्या स्पीकरवर सात नंबर लावला. सर डोळे मिटून म्हणाले, स्वच्छ आहे तिसरा ठोका. मुलांना का येत नाही कळत नाही, हल्ली कानात सतत काहीतरी खुपसलेलं असतं.

मी वाद घातला नाही. स्क्रीन भिंतीकडे फिरवली आणि म्हटलं, सर, आता नंबर दिसणार नाही, कॉम्प्युटर मनाला येईल ते लावेल. तुम्ही फक्त सांगा.

पहिल्या रेकॉर्डिंगला सर नाही म्हणाले. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला थांबले, पुन्हा लावायला सांगितलं, मग नाही. असं करत बाराच्या बारांना नाही. मी स्क्रीन वळवून दाखवली: चौथं सात नंबर होतं, नववं दहा नंबर.

सरांनी चष्मा काढला. खोलीत पंखे बंद होते, घाम मलाही आला होता. मी लाकडी पेट्या जोडल्या, बाहेरचं कार्ड लावलं, तसाच खेळ पुन्हा. या वेळी सर सातला बरोबर थांबले. मुंगी त्यांच्या आधी थांबली होती, बोट टेबलावर.

सरांनी तो मुठीएवढा स्पीकर उचलून उलटसुलट पाहिला. मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. निघाली असती तरी मी तयार होते. आवाजमापक माझ्या बाजूने होता.

"म्हणजे या खोलीत मी इतकी वर्षं आठवणीतून ऐकत होतो," ते म्हणाले. मग मुंगीकडे वळले. "मागच्या दोन्ही वेळी तू काय उत्तर दिलं होतंस?"

"ऐकू येत नाही, असं."

"खोलीत तेवढं एकच उत्तर बरोबर होतं."

ते दोन नापास त्यांनी त्याच दुपारी स्वतःच्या सहीने रद्द केले. शुक्रवारची परीक्षा मात्र माफ केली नाही. मुंगीनेही मागितली नाही.

शुक्रवार

स्क्रीन भिंतीकडे, सगळ्यांसाठी. लाकडी पेट्या, बाहेरचं कार्ड. वर्गात बोंबाबोंब झाली. 'सात आणि दहा'वाले एकमेकांची तोंडं बघत होते. पहिल्या पाचांपैकी चौघं गडगडले. सरांनी कुणालाच नापास लिहिलं नाही. महिनाभर रोज दुपारी ऐकायला या म्हणाले. ही शेवटची संधी नाही, असं सर्वांदेखत सांगितलं.

मुंगी सहावी. यंत्राजवळ मी होते, म्हणून हे पाहिलेलं लिहिते, ऐकीव नाही. दहा आवाज लावायचे होते. नऊ तिने बिनचूक सांगितले. या वेळी पास व्हायला कुठलेही सात पुरत होते. दहाव्याला ती अडली. सरांनी वही मिटली, तुझं झालं, जा म्हणाले.

ती उठली नाही.

"सर, असल्यासारखं वाटतंय, पण खात्री नाही. परत लावता का?"

सरांनाही या वेळी नंबर माहीत नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली, पेटीच्या समोर, तिच्या बरोबरीला आणली, आणि मला म्हणाले, "लावा. मलाही नीट ऐकायचंय."