बारा दाणे

पल्लवीने गोणपाटाची गुंडाळी ओट्यावर ठेवली, सुतळी सोडली आणि सावकाश उलगडली. आत दहा ओळी, ओळीत दहा दाणे. सोयाबीनचे पांढरे मोड ओल्या तागाला चिकटले होते. एकेका दाण्यावर बोट ठेवत ती मोजू लागली.

तिचे वडील, जानराव, समोर बाजेवर बसले होते. मोजणीकडे आपलं लक्ष नाही असं दाखवायला त्यांनी तंबाखू मळायला घेतली होती. ती केव्हाच मळून झाली होती.

पेरणीआधी घरचं बियाणं असं तपासायचं, हे इंझोरीत कुणाला नवीन नव्हतं. शंभरात सत्तर उगवले की बियाणं पास. नवीन होती ती जानरावांची अट. पल्लवीने बारावी सायन्स केली होती. तरी वडिलांच्या म्हणण्यावरून ती बी.ए.ला गेली, कारण बी.ए. करता करता तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास होतो. वर्षभर तिचा जीव तिथे रमला नाही. आता तिला बी.एस्सी.ला जायचं होतं, तेही पुन्हा पहिल्या वर्षापासून. अर्जावर वडिलांची सही हवी होती आणि कारंज्याच्या कॉलेजात आज शेवटची तारीख होती.

जानराव मोठा निर्णय कधी स्वतःच्या अंगावर घेत नसत. आठवड्यापूर्वी ती गुंडाळी बांधत असताना ते म्हणाले होते,

"सत्तर दाने उगवले त सही करतो. नाही उगवले त बी.ए.च बरं."

मोजणी संपली. चौऱ्याहत्तर.

सांगायला तिने तोंड उघडलं आणि थांबली. खालच्या दोन ओळींतले काही मोड इतरांपेक्षा चांगलेच लांब होते. तिने एक दाणा उचलला. घरच्या दाण्याचा डोळा, म्हणजे कडेचा ठिपका, काळा असतो, याचा भुरा होता. असे बारा निघाले. भुऱ्या डोळ्याचं बियाणं शेजारच्या पंचफुलाकाकूंचं. त्यांची गुंडाळी तिनेच काल उघडून दिली होती आणि उगवलेले दाणे कुंपणापाशी टाकले होते.

तिने चुलीकडे पाहिलं. तिची आई, चंपाबाई, एकच भाकर कधीच्या थापत होत्या.

"किती?" जानरावांनी विचारलं.

चौऱ्याहत्तर म्हणायला काही लागत नव्हतं. पण त्या आकड्यावर बाबा तीन एकर पेरणार होते.

"बासष्ट."

"मले त लय दिसून राह्यले."

"बारा आपले नाहीत, बाबा. डोळा पाहा."

जानराव उठले. एक दाणा उन्हात धरून त्यांनी पाहिला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. तीस वर्षं सोयाबीन पेरत आले होते. दाण्याचा डोळा त्यांनी कधी निरखला नव्हता.

"कोनं टाकले?"

भाकर थापणं थांबलं.

"म्या टाकले," चंपाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, पोरीचीच परीक्षा हाय. नापास काहून होऊ द्याची?"

पल्लवीला आईचा राग आला आणि रडूही आलं. दोन्ही गिळून तिने गोणपाट झटकलं.

"एकरी चार किलो बी जास्त टाका," ती म्हणाली. "मंग बरोबर होते."

मग फायलीतला अर्ज काढून तिने त्याची चौपदरी घडी घातली आणि फडताळात, जुन्या पुस्तकांखाली सरकवली.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतला रामधन हातात पिशवी घेऊन अंगणात आला.

"पल्लवी, माह्यंही बियानं पाहून दे ना बाई. आजच बांधून टाक."

तिने पिशवीसाठी हात पुढे केला.

"आज नाही," जानराव म्हणाले. "आज पल्लवी साडेदहाच्या एसटीनं कारंज्याले चालली. पिशवी ठेवून जाय."

"कारंज्याले? कायले?"

जानरावांनी तंबाखू दाढेखाली धरली, त्यामुळे उत्तर द्यायची सोय राहिली नाही. रामधन पिशवी ठेवून निघून गेला.

"पेन आन," जानराव म्हणाले.

पल्लवी जागची हलली नाही.

"पन बाबा, सत्तर नाही झाले."

"मोजता येते मलेबी," ते म्हणाले. "पेन आन."