गर्दीतली हाक

गुंडोनं माईक ओठांना टेकवला आणि म्हटलं, "आता उजवीकडं बघा."

बसमधली माणसं डावीकडंच बघत राहिली. डावीकडं एका बेकरीच्या दारात कापसाचा बर्फ चिकटवलेलं झाड उभं केलं होतं, आणि लाल टोपी घातलेला एक घामाघूम माणूस येणाऱ्याजाणाऱ्या पोरांना गोळ्या वाटत होता. उजवीकडं पांढऱ्या घुमटाचं जुनं चर्च होतं. ते मागं पडलं तरी कुणाची मान वळली नाही.

"अण्णा, स्वल्प जोरागि," ड्रायव्हर शिवाप्पा समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. जरा मोठ्यानं.

गुंडोनं घसा साफ केला. घशात काही नव्हतंच, त्यामुळं साफही काही झालं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, की इंग्रजांची पलटण या गावात आली तेव्हा तिच्यासाठी हे चर्च बांधलं, आणि आज नाताळ म्हणून आपण याच्यापासून सुरुवात करतो आहोत. आवाज माईकमधून निघाला तो फरशीवरून पोतं ओढल्यासारखा.

"काका, माईक खराब आहे का हो?" तिसऱ्या रांगेतल्या तरुणानं विचारलं. त्याचं नाव शंतनु. इथं बंगळूरला एका कॉम्प्युटर कंपनीत लागून त्याला वर्षही झालं नव्हतं. पुण्याहून आलेली आई, प्रमोदिनीबाई, त्याच्या शेजारी स्वेटरची बटणं लावून बसल्या होत्या.

"होय," गुंडो म्हणाला, "जुना झालाय."

सगळ्यात मागच्या बाकावर त्याची बायको अंबुबाई बसली होती. तिनं हे ऐकलं की नाही ते त्याला कळलं नाही. ती खिडकीबाहेर बघत होती.

गुंडो मूळचा चिकोडीकडचा. घरात मराठी, गल्लीत कानडी, शाळेत दोन्ही. बंगळूरला आला तेव्हा त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं, आवाज मात्र होता. मॅजेस्टिक बसस्टँडजवळच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या मालकानं तो ऐकला आणि त्याच दिवशी त्याला बसमध्ये चढवला. तेव्हापासून मराठी माणसांची बस म्हटली की गुंडो. मागच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही त्याचा शब्द न् शब्द ऐकू यायचा, आणि उतरताना माणसं हटकून म्हणायची, "तुम्ही नाटकात का नाही गेलात?"

हे सगळं अंबुबाईला ऐकून माहीत होतं. एवढ्या वर्षांत ती त्याच्या बसमध्ये एकदाही चढली नव्हती. सणावाराला बस भरलेली असायची, आणि एरवी घर. आणि परवा चपात्या लाटता लाटता ती एकदम म्हणाली, "नाताळच्या बसमध्ये मला एक जागा मिळंल काय?"

"आज काय काढलंस हे?"

"गाव बघितलं नाही की मी अजून. तुम्ही लोकांना दाखवता, मला कुठं दाखवलंय?"

तो नाही म्हणू शकला नाही.

घशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. गाठ स्वरयंत्रावर आहे, ते पूर्ण काढावं लागेल. काढलं तर जगाल. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. बोलणं जाईल. दवाखान्यात खाट उद्याची मिळाली होती, नाताळच्या दुसऱ्या दिवसाची. अंबुबाईला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, "संक्रांतीनंतर बघू म्हणालेत."

खरं म्हणजे डॉक्टरांकडून आला त्या संध्याकाळी त्यानं एक करून बघितलं होतं. घरात शिरल्यापासून एक शब्द बोलायचा नाही, बघू कसं जमतं ते. जेवताना मीठ हवं होतं तर बोट दाखवलं. पाणी हवं होतं तर तांब्या हलवला. अंबुबाईनं दोनदा विचारलं, "काय झालं? माझं काय चुकलं काय?" त्यानं नुसती मान हलवली. तिला वाटलं, राग आलाय. ती स्वयंपाकघर आवरून न जेवताच आडवी झाली. तिच्या पाठीकडं बघत बसल्या बसल्याच गुंडोनं ठरवून टाकलं, की दवाखान्यात जायचं नाही. जे काय दिवस मिळतील ते बोलून काढायचे.

टिपूच्या लाकडी महालात मात्र आवाजानं त्याला साथ दिली. आत थंडावा होता, बोललेलं छताला लागून खाली यायचं. प्रमोदिनीबाईंनी विचारलं, "शहाजीराजे इथंच राहायचे ना हो?"

"इथं नव्हे, बाई. हा महाल फार नंतरचा. राजांचं बिऱ्हाड चिकपेठेच्या अंगाला कुठंतरी होतं म्हणतात. आता तिथं साड्यांची दुकानं आहेत. आपण शोधायला गेलो तर दुकानदार विचारील, काठ कुठला दाखवू?"

लोक हसले. अंबुबाई एका खांबाला हात लावून उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता, पण खांदे हलत होते.

बसवनगुडीला मोठ्या नंदीपुढं तो आणखी खुलला. नंदी वाढत चालला होता ती गोष्ट त्यानं सांगितली. शेतातल्या शेंगा रोज रात्री कोण खातंय म्हणून शेतकरी राखणीला बसले तर हा दगडी गृहस्थ निघाला, आणि वाढता वाढता देवळाच्या छताला लागेल म्हणून त्याच्या डोक्यात खिळा ठोकावा लागला. "आमच्या मालकांचं पोट बघितलं की मला तो खिळा आठवतो," असं तो शेवटी नेहमी म्हणायचा, तसं आजही म्हणाला. यावेळी अंबुबाई पदर न लावता हसली, मोठ्यानं. घरात तिचं असं हसणं त्यानं कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं. म्हणून त्यानं खिळ्याचं वाक्य, कुणी मागितलं नसताना, पुन्हा एकदा म्हटलं. ते अर्ध्यावर तुटलं. तोंडात पितळेची चव आली. त्यानं रुमाल लावला, बघितला, घडी घालून खिशात ठेवला.

दुपारी शिवाजीनगरच्या मोठ्या चर्चपाशी बस थांबली तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. तमिळ, कानडी, कोंकणी, सगळ्या गावची माणसं लोटली होती. मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, भाजलेल्या शेंगा, फुगे. आत मेरीमातेला जरीकाठी साडी नेसवली होती. प्रमोदिनीबाई तर बघतच राहिल्या. "अगंबाई, आपल्या देवीसारखी!"

गुंडोला याबद्दल पुष्कळ सांगण्यासारखं होतं. त्यानं तोंड उघडलं, पण घंटा वाजायला लागल्या आणि त्याला बरंच वाटलं. त्यानं हातानंच खूण केली, बघून घ्या, आणि परत बसपाशी या.

माणसं एकेक करून परतली. शंतनु सगळ्यात शेवटी आला, आईचा हात धरून, घामानं निथळत. "भयंकर रेटारेटी आहे आत. दाराशी एक बाई पडली. बापरे, लोक थांबतच नव्हते." मग बसमध्ये डोकावून तो म्हणाला, "काका, सगळे आलेत. तुमच्या मिसेस नाही दिसत."

गुंडो धावला.

दाराशी चपलांचा ढीग विखुरला होता. एक बाई पायरीवर बसली होती, कुणीतरी तिच्या तोंडावर पाणी मारत होतं. ती अंबुबाई नव्हती. आतून लोंढा बाहेर येत होता आणि बाहेरून तेवढाच आत घुसत होता. अंबुबाईचे गुडघे दुखायचे. ढकललं तर ती परत उभी राहू शकली नसती.

त्यानं हाक मारायला श्वास घेतला, आणि काय हाक मारायची ते त्याला सुचेना. आजवर चारचौघांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. 'अगं' म्हणायचा. नाहीतर 'ऐकलंस का'. एवढ्या गर्दीत 'अगं' म्हणून कोण वळणार?

"अंबू!"

काही झालं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. ओठ मिटले, उघडले, छाती दुखेपर्यंत हवा बाहेर आली, पण तिच्याबरोबर काही आलं नाही. घोगरा आवाजसुद्धा नाही. सकाळपासून जे थोडं थोडं झिजत होतं ते नंदीपुढं संपलं होतं.

शंतनु मागून येऊन पोचला होता. "काका, मी ओरडतो. नाव काय त्यांचं?"

गुंडोनं सांगितलं.

"काय? मोठ्यानं सांगा."

गुंडोनं पुन्हा सांगितलं. शंतनु त्याच्या तोंडाकडं बघत होता, भुवया आकसून, अवघड गणित बघावं तसा.

"अम्मा? अम्मा म्हणता त्यांना?" आणि उत्तराची वाट न बघता तो टाचा उंचावून ओरडला, "अम्मा! ओ अम्मा!"

गर्दीतल्या कितीतरी बायका वळल्या. म्हाताऱ्या वळल्या, कडेवर पोरं घेतलेल्या वळल्या. काहींना वाटलं, हा मुलगा देवीलाच हाक मारतोय, त्यांनी तिकडं हात जोडले. गुंडो त्या सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवत राहिला. त्याचे ओठ हलतच होते, थांबवावं हे त्याला सुचलं नव्हतं.

ती मेणबत्त्यांच्या चौथऱ्याशी भिंतीला टेकून उभी होती. फार लांब नव्हती. त्याच्याकडंच बघत होती.

तो लोकांना कोपरानं सारत तिच्यापर्यंत गेला आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"मी केव्हाची इथंच आहे की," ती म्हणाली. "गर्दी ओसरू दे म्हणून थांबले. तुम्ही समोर दिसत होता."

त्यानं स्वतःच्या तोंडाकडं बोट केलं.

"होय, बघितलं. ओठ हलत होते. मला वाटलं, देवीला काय मागताय. मधे कशाला बोलायचं." तिनं पुन्हा त्याच्या ओठांकडं बघितलं. "मला बोलावत होता होय?"

गुंडो चौथऱ्याच्या कडेवर बसला. मेणबत्त्यांची आच त्याच्या पाठीला लागत होती, तरी तो हलला नाही. माणसाला रडताना आवाज लागतो असं त्याला वाटत आलं होतं. तसं नव्हतं.

पुढची फेरी बिनबोलाची झाली. शंतनुनं लोकांना काहीतरी सांगितलं असावं, कारण अलसूरचं तळं आलं तेव्हा कुणी काही विचारलं नाही. प्रमोदिनीबाईंनी पुढं येऊन थर्मासमधलं गरम पाणी गुंडोला दिलं आणि म्हणाल्या, "आम्ही बघतो हो आमचं आम्ही. तुम्ही बसा स्वस्थ." त्या ते चांगल्या मनानं म्हणाल्या होत्या. गुंडोनं मान डोलावली. शिवाप्पानं आरशातून एकदा बघितलं आणि गाडीचा वेग उगाचच कमी केला.

अंबुबाई आता पुढं, त्याच्या शेजारी येऊन बसली होती. माईक दोघांच्या मधे पडला होता. एम. जी. रोडवरचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. कागदी चांदण्या एका दुकानातून दुसऱ्या दुकानात पसरत गेल्या तशी मागची माणसं आवाज करत खिडक्यांकडं सरकली.

"कृष्णमूर्तींच्या घरी फोन आला होता परवा," अंबुबाई म्हणाली. कृष्णमूर्ती शेजारचे. गल्लीत फोन तेवढा त्यांच्याच घरी होता. "दवाखान्यातून. खाट उद्याची आहे, सकाळी उपाशीपोटी या म्हणाले."

गुंडोनं मधे पडलेला माईक उचलला आणि परत खाली ठेवला.

"तुम्ही संक्रांत म्हणाला होता."

बसच्या काचेवर तांबडे-हिरवे ठिपके येत होते आणि पुसले जात होते.

"म्हणून म्हटलं, आज बसमध्ये बसावं." तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. "नंदीची गोष्ट चांगली सांगता."

मग तो तिच्याकडं वळला. घाई केली नाही. एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट उघडत, नीट मिटत, त्यानं सांगितलं, *मी नाही जाणार.*

अंबुबाई त्याच्या तोंडाकडं बघत होती. दिवे बघायला आलेली बाई, पण दिव्यांकडं तिचं लक्ष नव्हतं. तिची नजर त्याच्या ओठांवरून हलली नाही.

"होय," ती शेवटी म्हणाली. "जाऊया की. सकाळची पहिली बस धरली तर वेळेवर पोचतो."

त्यानं जोरानं मान हलवली. पुन्हा सांगितलं. *नाही. नाही जाणार.* या वेळी त्याचा हातसुद्धा वर आला.

"धुतलेला सदरा काढून ठेवलाय," ती म्हणाली. "आणि पांघरूण आपलं घेऊया, तिथलं कसलं असतंय कुणाला ठाऊक."

तिला कळलं नव्हतं, की कळलं होतं, ते त्याला तिच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडेना. त्यानं तिसऱ्यांदा तोंड उघडलं. तेवढ्यात ती खिडकीकडं वळली होती. काचेला कपाळ लावून ती दिवे बघत होती.