बाहेरून लागलेली कडी

दचकू नका. दचकायचं काम माझं आहे, तुम्ही फक्त ऐका. मी आंधळगावच्या विणकरांच्या गल्लीतली, कुसुमताईंच्या दारावरची बाहेरची कडी बोलतेय.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या साली कवडू लोहारानं मला तापवलं, ठोकलं, वाकवलं. दारावर बसवताना म्हणाला, "ताई, आता चोराची हिंमत नाई होनार." चोर कधी आलाच नाही. माझ्या अंगात मात्र त्या घावांची भीती राहून गेली. कुणी सायकल भिंतीला टेकवली तरी मी खडखडते.

तेव्हा घरात हातमाग होता. दुपारी कुसुमताई, त्यांचा नवरा आणि मुलगा कुंदन एकत्र जेवत, मग माग थांबे आणि घर झोपे. पुढे कुंदनचे वडील गेले, माग मोडीत निघाला. कुंदन तुमसरच्या एका राईस मिलमध्ये रातपाळीला लागला आणि कोंढ्याहून दामिनी सून होऊन आली.

सुरुवातीला कुंदनचा हात माझ्यावर हलका पडायचा. मग हंगामात डबल पाळी सुरू झाली. जागं राहायला तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि सकाळी घरी आल्यावर झोप यावी म्हणून दारू. पोटात अन्न नाही. वर टिनाचं छप्पर तापलेलं, आडवा झाला तरी डोळ्यांसमोर मोबाईल. हात पडला की मला कळायचं, आज जेवलाय की नाही.

दामिनीला पहिली थप्पड पडली ती कुकरच्या शिटीनं त्याची झोप मोडली म्हणून. संध्याकाळी तो रडला, भजी घेऊन आला. दामिनीची जीभ तिखट. "धान तिकडे भरडता अन् कुटता मले," म्हणाली, आणि दोघंही हसली. मला वाटलं, संपलं. कुठलं संपायला!

शेजारचा टेकचंदही त्याच मिलमध्ये, त्याच पाळीला. खर्रा तोही खातो. पण घरी येतो, आंघोळ करतो, पेज पितो आणि आडवा होतो. त्याचा हात नाही उठत. म्हणजे सगळं जागरणावर ढकलून मोकळं होता येत नाही, एवढं मला, लोखंडाला, कळतं. कुसुमताई म्हणतात, "पोराले झोप नाई भेटत, म्हणून बिथरते."

आणि त्या मला लावतात. हेच सांगायचं होतं मला. आत आवाज चढला की त्या बाहेर येतात आणि मला कोयंड्यात अडकवतात. त्यांच्या सासूनंही एके काळी त्यांच्यावर असंच दार लावलं होतं. माणूस थंड झाला की उघडायचं. गल्लीत तमाशा नको, घरातलं घरात राहावं. आपण घर वाचवतोय असं त्यांना खरंच वाटतं. दामिनीही अब्रूपायी तोंडात पदर कोंबते. गल्लीतलं माणूस बाहेरून लागलेली कडी पाहतं आणि घरी कोणी नाही असं समजून पुढं जातं.

आज कुंदन सलग दोन पाळ्या करून भर दुपारी आला. दामिनीची पिशवी भरलेली होती. ती कोंढ्याला, आईकडे निघाली होती. पायात चप्पलही घातली होती.

"कायले चालली?" त्यानं विचारलं.

"जीव वाचवाले," ती म्हणाली.

कुसुमताईंनी बाहेर येऊन मला ओढलं. मी अंग आखडून धरलं, कुठं तरी अडकावं म्हणून. पण परवाच त्यांनी माझ्यात तेल सोडलं होतं. मी सरकन बसले.

आतून दार धडधडलं. बराच वेळ धडधडलं. मग फटीतून दामिनीचा आवाज आला, अगदी हळू. "आई, कडी काढा. मी ओरडत नाई. कोनाले सांगत नाई. फक्त कडी काढा."

कुसुमताईंचा हात माझ्यावर आला. बोटं माझ्याखाली सरकली. तेवढ्यात गल्लीच्या टोकाला कुणी तरी दिसलं, तसा तो हात मागं गेला. त्यांनी सूप उचललं आणि देवळाच्या ओट्यावर जाऊन तांदूळ निवडत बसल्या.

मग टेकचंदची बायको रंभाबाई वाटी घेऊन आली. तिनं माझ्याकडं पाहिलं. "गेले वाट्टे सारेच," म्हणाली आणि परतली. एरवी वाऱ्यानं खडखडणारी मी, नेमकी तेव्हा हलू शकले नाही.

आता कुंदन घोरतोय. त्याला झोप लागली एकदाची. दामिनीचा आवाज नाही. फक्त दाराच्या खालच्या फळीवर नखं घासतात, थांबतात, पुन्हा घासतात. मघापेक्षा हळू.

तुम्ही कुणी या गल्लीतून जात असाल तर थांबा. मला बघून परत फिरू नका. मला कुलूप नाही, किल्ली लागत नाही. मी लोखंड आहे, आपणहून उठत नाही. एक बोट लावा. आत्ता लावा.